घाटापलीकडे उतरलेली शिडी

मी शिडी बोलतेय. माळ्यावरचा पसारा काढायला भिंतीला टेकवतात ती नव्हे, आणि सापशिडीतली तर नव्हेच. मी विमानाची शिडी. खाली रबरी चाकं, खवल्याखवल्यांच्या पत्र्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडे आणि वर दाराला भिडायला छोटासा ओटा. तुम्ही कधी माझ्यावरून चढला असाल, तरी मी तुमच्या लक्षात असायचं काही कारण नाही. चढताना माणूस वर दाराकडे बघतो, उतरताना खाली जमिनीकडे. शिडीकडे कोण बघतं?

माझा जन्मच मारातून झाला. लोखंडाचे नळ कापले, वाकवले, घणाखाली घातले, तेव्हा कुठे मला आकार आला. माझा वेल्डर तापट होता. ठिणगी उडून बुटात गेली की तो मलाच लाथ घालायचा. शेजारी रंगारी असायचा. तो म्हणायचा, "अरे, तिनं काय केलंय तुझं?" वेल्डर म्हणायचा, "उलट बोलत नाही ना, म्हणून." पुढे जगात वावरल्यावर कळलं, की ही काही त्या एकट्याची खोड नव्हती.

पहिली नोकरी मोठ्या शहरातल्या मोठ्या विमानतळावर लागली. थोरामोठ्यांच्या कंपन्या आपली विमानं इमारतीतून थेट दारापर्यंत येणाऱ्या काचेच्या पुलाला लावतात, त्या पुलाचं भाडं पडतं. आमची कंपनी स्वस्तातली. आमच्या मालकाचं ब्रीद एकच होतं: "रिकामी सीट म्हणजे नासलेलं दूध. विमान उडालं की ओतूनच दिलं." त्यामुळे पूल नाही, पाणी फुकट नाही, आणि चढउतार माझ्यावरून, उन्हात. विमान आलं की मला ढकला, माणसं उतरवा, माणसं चढवा, मला ओढा. घाईनं माणसाचं डोकं फिरतं. एकदा बॅग आधी कोणाची यावरून दोन टायवाल्यांनी माझ्यावरच एकमेकांची कॉलर धरली. एकाचा दात माझ्या पायरीवर पडला. झाडूवाल्यानं तो केराबरोबर लोटून दिला आणि विमान वेळेवर उडालं.

मग एका सकाळी मला ट्रकवर चढवून दोरखंडांनी आवळलं. मोठ्या शहरांमध्ये कंपन्यांची रेटारेटी झाली होती, भाडी पाडून पाडून सगळ्यांनी एकमेकांना घाम फोडला होता. मालकाच्या मनात आलं होतं, की जिथे अजून कोणाचंच विमान जात नाही अशा लहान गावांकडे वळावं. जावं की न जावं, हे ठरायचं होतं. त्याआधी एका गावात एक हंगाम विमान उडवून बघायचं, आणि त्यासाठी शिडी हवी. म्हणून मी.

ते गाव घाटापलीकडे होतं. ट्रक चढत होता आणि मी खाली दरीत बघत होते. दरीत बसेस पडलेल्या होत्या. एखादीचा टप उडालेला, एखादीतून झाड उगवलेलं. ट्रकचा ड्रायव्हर क्लीनरला म्हणाला, "काढत नाहीत कोणी. काढायला उतरणाराही परत यायचा नाही." वळणावर समोरून बस आली तेव्हा दोघांचंही बोलणं थांबलं. आमच्या आरशानं तिच्या आरशाला खरवडलं आणि ती गेली.

गावाबाहेर कुठल्याशा जुन्या लढाईसाठी सैन्यानं बांधलेली धावपट्टी होती. तिच्या कडेला पत्र्याची एक शेड, तेच टर्मिनल. तिथे मला ज्यानं उतरवून घेतलं, त्याला सगळं गाव धाकटा म्हणायचं. त्याचा थोरला भाऊ गावातल्या बसवाल्यांच्या संघटनेचा पुढारी होता, त्यामुळे ह्याला दुसरं नाव उरलंच नाही. कंपनीनं त्याला ट्रॅक्टरवर ठेवलं होतं. मला विमानापर्यंत ओढत न्यायचं आणि परत आणायचं, हे त्याचं काम. पहिल्याच दिवशी त्यानं मला साबणानं धुतलं. इतक्या वर्षांत हे कोणी केलं नव्हतं.

मागोमाग बाई आल्या. कंपनीच्या पाहणी अधिकारी. हंगाम संपला की त्यांनी मालकाला सांगायचं होतं: या गावात यायचं की नाही. शेडमध्ये उकडायचं, म्हणून त्या चहाचा कप घेऊन माझ्या खालच्या पायरीवर बसायच्या. त्यामुळे पुढचं बरंचसं मला ऐकायला मिळालं.

पहिलं विमान आलं तेव्हा कुंपणाबाहेर अख्खा बाजार लोटला होता. भाडं बसपेक्षाही कमी ठेवलेलं. लोक माझ्यावर पाय ठेवताना चपला काढायला निघाले, धाकट्यानं हसून त्यांना आवरलं. एक आई ताप चढलेलं मूल खांद्यावर टाकून आली. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. ती कठड्याला धरत नव्हती, तिचे दोन्ही हात मुलाला लागले होते. चार दिवसांनी ती परत आली तेव्हा ते मूल माझ्या पायऱ्या एकेक उडी मारत उतरलं.

त्याच आठवड्यात थोरला आला. उंच, खांद्याला रुंद, आणि बोलायच्या आधी समोरच्याला नीट बघून घेणारा. बरोबर त्याच्या बसचा कंडक्टर होता. त्याला शिट्टी म्हणत, कारण तोंडातली शिट्टी तो घरीही काढत नसे. थोरला बाईंशी बोलायला थांबला तोवर हा माझ्यावर चढून गेला आणि रिकाम्या आभाळाकडे तोंड करून ओरडला, "चला, पुढे सरका, मागे बरीच जागा आहे." बाईंनाही हसू आलं.

थोरल्याला आलं नाही. "बाई, एक विचारतो. बसपेक्षा स्वस्तात विमान कसं उडतं?"

"सुरुवातीला कंपनी तोटा सोसते," बाई म्हणाल्या.

"कुठवर?"

"लोकांना सवय लागेपर्यंत."

"म्हणजे आमच्या बस बंद पडेपर्यंत." त्याचा आवाज चढला नव्हता. "मग तुम्ही भाडं वाढवणार. आणि एवढं करून नाही परवडलं, तर विमानाला पंखच असतात. तोवर आम्ही बस मोडीत घातलेल्या असणार. मग या लोकांनी घाट चालत उतरायचा का? हे दुसरीकडे कुठे झालंय का नाही, तेवढं फक्त सांगा."

दुसऱ्या एका गावात अगदी हेच झालं होतं. तिथला विमानतळ बंद करायलाही बाईच गेल्या होत्या, असं पुढे त्यांनीच धाकट्याला सांगितलं.

धाकट्याला मात्र राहवलं नाही. ट्रॅक्टरवरून उतरून तो म्हणाला, "दादा, त्या रस्त्यानं आपल्या बापाला खाल्लं. अजून दरीत पडलाय तो. आणि तू त्याच रस्त्याची वकिली करतोस?"

"त्याच रस्त्यानं तुला पोसलंय," थोरला म्हणाला आणि त्यानं धाकट्याच्या थोबाडीत मारली. धाकट्याचं डोकं माझ्या कठड्यावर आपटलं, भुवई फाटली. बाप गेला तेव्हा धाकटा जेमतेम चालायला लागला होता. थोरल्यानं दुसऱ्यांच्या बस धुऊन त्याला वाढवलं होतं, त्यामुळे मारायचा हक्क त्याच्याकडे होता आणि गावातही तो सगळ्यांना मान्य होता. पण आजवर त्यानं परक्यांसमोर हात उचलला नव्हता. धाकट्यानं रक्त पुसलं नाही. तो नुसता बघत राहिला. मला ती नजर बरी वाटली नाही.

दोघं गेल्यावर बाईंनी त्याच्या भुवईवर पट्टी लावली. "तुमच्या भावाचं चुकत नाहीये," त्या म्हणाल्या.

"मग नको म्हणून कळवा कंपनीला."

"त्या बाईचं मूल बसनं गेलं असतं तर घाटातच संपलं असतं. तेही खरं आहे. दोन्ही खरं आहे, म्हणून तर माझं घोडं अडलंय."

पण गावाला कोणाचं घोडं कुठे अडलंय हे बघायला सवड नव्हती. बाजारातल्या दुकानदारांना विमान हवं होतं, माल लवकर येतो, माणसं येतात. बसवाल्यांना नको होतं. चहाच्या टपरीवर दोन बाकं झाली, एकावरचा दुसऱ्यावर बसेना. आधी तिकिटाची खिडकी फुटली. आत बसलेल्या मुलीच्या गालात काच घुसली. मग विमानासाठी येणाऱ्या गाड्यांवर दगड पडायला लागले. एक दगड बाईंच्या गाडीत शिरला. त्यांनी तोंड वाचवायला हात पुढे केला आणि मनगट मोडलं. मालकानं फोनवर परत बोलावलं. त्या माझ्या पायरीवर बसून, गळ्यात अडकवलेला हात सांभाळत म्हणाल्या, "हाड मोडलंय, सर. पाहणी अजून मोडली नाहीये."

मग एका दुपारी गावाकडून काळा धूर चढताना दिसला. डिझेल आणि रबर जळल्याचा वास वाऱ्यावर इथवर आला. बऱ्याच वेळानं धाकटा धावपट्टीवरून चालत आला. त्याच्या हातात ट्रॅक्टरला मला जोडायची लोखंडी पिन होती, हातभर लांब. कोपरापर्यंत कातडी काचेनं फाटलेली. तो माझ्या पायरीवर बसला.

बाई शेडमधून आल्या. "तुम्ही होतात तिथे?"

"काचा मी फोडल्या. दादाच्या बसच्या. सगळ्या." त्याला धाप लागली होती. "काडी मी नाही लावली. बाजारातल्या पोरांनी पेटता बोळा आत टाकला. मी नाही."

"तुमची वहिनी बादल्या घेऊन आत धावली. सीटखाली त्यांचे पैसे होते म्हणे. दोन्ही तळहात भाजून गेलेत."

हे त्याला माहीत नव्हतं. त्याला लहानपणी भरवणारे हात तेच होते. त्यानं पिन दूर फेकली. थोड्या वेळानं उठून तीच शोधून आणली, कारण उद्या विमान होतं आणि पिनेशिवाय मी हलत नाही.

दुसऱ्या दिवशी विमान वेळेवर उतरलं. धाकट्यानं मला दाराशी भिडवलं, चाकांखाली लाकडी अडण्या सारल्या, ब्रेक ओढला. ट्रॅक्टर सोडवून बाजूला लावला. दार उघडलं, माणसं उतरू लागली. तेवढ्यात कुंपणाचा कडकडाट झाला. एक बस कुंपण घेऊन आत आली होती. तारा तिच्या तोंडाला गुंडाळल्या होत्या आणि खांब फरफटत होते. मागून आणखी बस, आणि त्यांच्या टपांवर, दारांत, खिडक्यांत माणसं. लोखंडी गज, साखळ्या, टायर खोलायचे पाने. शेडच्या दाराशी दोन पोलीस होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि ते शेडमध्ये गेले.

पहिला दगड माझ्या कठड्यावर बसला. दुसरा एका म्हाताऱ्याच्या कपाळावर. तो माझ्या मधल्या पायरीवर होता, तिथेच बसला आणि मागचे त्याच्यावर कोसळले. वरचे आत जाऊ बघत होते, आतले बाहेर. बाई एका हातानं म्हाताऱ्याला ओढत होत्या. खाली शेडच्या काचा जात होत्या. त्या मुलीच्या जागी आलेल्या तिकिटवाल्या मुलाला चौघांनी धरून टेबलावर आपटलं. त्याच्या ओरडण्याचा आवाज मध्येच तुटला.

"शिडी ओढा," कोणीतरी म्हणालं. "शिडी ओढली की विमान लटकलं."

ते मला झोंबले. माणसं अंगावर असताना. अडण्या लाथांनी उडवल्या. कोणी ब्रेकवर गज घातला, दांडा तुटून उडाला. मी हलले. दार आणि माझा ओटा यांत फट पडली, त्या फटीत एका प्रवासी बाईचा पाय गेला आणि तिची किंकाळी सगळ्या आवाजांच्या वर ऐकू आली. शिट्टी पुढे, माझ्या चाकाजवळ होता. मला वाटतं, वरची माणसं त्यालाच आधी दिसली. तो मागे वळून हात हलवू लागला. थांबा, थांबा. मग त्यानं शिट्टी फुंकली, बस थांबवायची, एक लांब. मागच्यांनी ती निघायची समजून जोर लावला.

माझं वजन तुम्हाला ठाऊक नाही. मलाही तोवर ठाऊक नव्हतं. चाक त्याच्या पायावर चढलं, तो खाली गेला, आणि माझा लोखंडी सांगाडा त्याच्या छातीवरून गेला. मला थांबता येत नव्हतं. शिडीला पाय असतात, पण ते दुसऱ्याच्या मर्जीनं चालतात.

बसवाल्यांना ते कळलंही नाही. थोरला गर्दी कापत आला आणि माझ्यावर चढू लागला. त्याला पायलटला खाली आणायचं होतं, असं पुढे तो कोर्टात म्हणाला. धाकटा माझ्या मधल्या पायरीवर उभा होता, त्याच्या हातात ती पिन होती.

"बाजूला हो."

"वर बायकामुलं आहेत, दादा."

"माझी बायको घरी आहे. तिचे हात बघितलेस?"

"दादा, मी काडी लावली नाही."

 थोरल्यानं गज घातला. धाकट्यानं पिन आडवी धरली, ठिणगी उडाली. दुसरा घाव धाकट्याच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज माझ्या पत्र्यातून गेला. मग धाकट्यानं मारलं. पिन थोरल्याच्या जबड्यावर आली, खालचे दात तोंडातच फुटले. दोघंही आता बोलत नव्हते. माझ्या पायऱ्या रक्तानं निसरड्या झाल्या होत्या. ते एकमेकांना धरून एकेक पायरी वर जात होते, कठड्यावर आपटत होते. वर ओट्याजवळ थोरल्यानं त्याला कमरेत धरलं, पोत्यासारखं उचललं आणि कठड्यावरून खाली टाकलं.

धाकटा खाली धावपट्टीवर पाठीवर पडला. पाय एकीकडे, कंबर दुसरीकडे. 

थोरला कठड्याला धरून खाली बघत राहिला. तिथून त्याला दोघंही दिसत होते, भाऊ आणि माझ्या चाकाजवळचा शिट्टी. त्यानं गज सोडला. तो माझ्या पायऱ्यांवरून खणखणत खाली गेला. पोलीस तेव्हा शेडमधून बाहेर आले. थोरल्याला बेड्या घालताना तो हलला नाही. त्यानं एवढंच म्हटलं, तेही दात फुटल्यामुळे कोणाला नीट कळलं नाही: "त्याला विमानानं न्या. बसनं पोचणार नाही."

धाकट्याला त्याच विमानानं नेलं.

बाईंनी मालकाला फोन माझ्या पायरीवर बसूनच केला. पायऱ्या पाण्यानं धुतल्या होत्या, खवल्यांच्या खाचांत अजून काळं होतं. "सर, माझं मत नको असं आहे," त्या म्हणाल्या. "यायचंच असेल तर काही वर्षं हलणार नाही असा करार गावाशी करा. भाडं बसच्या वरच ठेवा, म्हणजे बसही जगतील. नाहीतर येऊ नका."

फोनमधला आवाज मला ऐकू आला. "बसवाल्यांचे पुढारी कुठे आहेत?"

"आत. निम्मी संघटना आत आहे."

"मग रस्ता मोकळाच झाला की," मालक म्हणाला. "आता नाही यायचं तर कधी?"

बाईंनी फोन ठेवला. त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. जाताना त्या विमानानं गेल्या नाहीत. घाटातून, बसनं गेल्या.

कंपनी आली. थाटात आली. शेड पाडून काचेची इमारत झाली, माझ्यावर नवा रंग बसला. रोज विमान. घाटातल्या बस एकेक करून विकल्या गेल्या. पुढारीच नव्हता, पुढे होऊन बोलणार कोण? पुढल्या हंगामात भाडं वाढलं, त्याच्या पुढच्यात आणखी. थंडी पडली की पर्यटक यायचे नाहीत, सीट रिकाम्या जायच्या. नासलेलं दूध. कुठल्याशा लांबच्या देशात युद्ध पेटलं आणि इंधन महागलं. मग एका सकाळी विमान आलं नाही. काउंटरवर कागद चिकटवलेला होता. लोक सामानावर बसून दुपारपर्यंत वाट बघत राहिले. एकानं इमारतीची काच फोडली, पण फोडून कोणावर रागवायचं ते त्याला कळेना, म्हणून तो घरी गेला.

त्या हिवाळ्यात घाटात एकही बस नव्हती. एका बाळंतिणीला खाटेवर घालून माणसं घाट उतरायला निघाली. ती वळणावरच गेली. मी हे पाहिलं नाही. धाकट्यानं सांगितलं.

हो, धाकटा परत आला होता. कमरेखाली एक पाय जिवंत, एक नुसता बरोबर. काखेत कुबड्या. धावपट्टीवर कंपनीनं त्याला पहारेकरी म्हणून ठेवलं होतं, आणि निघून जाताना काढायलाही विसरली होती. तो आणि मी, दोघंच. माझी चाकं बसली, रंग सोलपटला. तो माझ्याशी बोलायचा. माणूस एकटा पडला की लोखंडाशीही बोलतो. पण भावाचं नाव त्यानं काढलं नाही.

थोरला तुरुंगातून सुटून आला तो सरळ धावपट्टीवर आला. केस पांढरे, जबडा वाकडा. कुंपणाच्या मोडक्या जागेतून आत आला आणि धाकट्यासमोर उभा राहिला. 

धाकट्यानं कुबडी उगारली आणि मारली. खांद्यावर, मग बरगड्यांवर, मग पुन्हा. एका कुबडीवर तोल सावरत, दातओठ खात. थोरला हात वर न करता उभा होता.  शेवटी कुबडीच मोडली आणि धाकटा माझ्या पायरीवर कोसळला. दोघंही धापा टाकत होते.

"झालं?" थोरल्यानं विचारलं. तोंडातून रक्त येत होतं, ते त्यानं बाहीला पुसलं.

"नाही," धाकटा म्हणाला.

"बरं. उरलेलं घरी. वहिनी जेवायला थांबलीये." मग तो माझ्याकडे वळला. कठड्यावरून हात फिरवत त्या ओट्यापर्यंत त्यानं नजर नेली आणि खाली आणली. "एक जुनी बस मिळालीये. टपावर सामान चढवायला शिडी नाही. ही कोणाची आता?"

"कोणाचीच नाही."

"ट्रॅक्टर चालू होतो का?"

"मी सांगितलं तर होतो," धाकटा म्हणाला.

तेव्हापासून मी बसथांब्यावर उभी आहे. वरचा ओटा आता बसच्या टपाला लागतो. पोती, ट्रंका, खोकी, एखादी सायकल, सगळं माझ्यावरून वर जातं. थोरला बस चालवतो. धाकटा थांब्यावरच्या खिडकीत बसून तिकिटं देतो. ते एकमेकांशी कामापुरतंच बोलतात, कधी तेवढंही नाही. कंडक्टर शिट्टीची बायको आहे. ती थोरल्याशी अजिबात बोलत नाही. घंटीची दोरी ओढते, तेवढंच काय ते बोलणं. सामान टपावर बांधायला ती रोज माझ्यावर चढते, आणि माझ्या चाकांकडे कधी बघत नाही. मी बघते तिच्याकडे. दुसरं मी करणार तरी काय?

परवा एक तरुण आला. गळ्यात दुसऱ्याच एका कंपनीचं ओळखपत्र, पाठीला पिशवी. या भागात विमान सुरू करावं की नाही, याची पाहणी करतोय म्हणाला. माणूस भला होता, थोरल्याला साहेब म्हणत होता. थोरल्यानं त्याला माझ्या पायरीवर बसवलं, चहा मागवला.

"बसवाल्यांचा विरोध राहील का?" तरुणानं विचारलं.

"विरोध एकदा करून बघितला," थोरला म्हणाला. "त्यात एक माणूस मेला आणि माझा भाऊ मोडला. तुमच्या आधीच्या कंपनीला त्याचा फायदाच झाला. आता विरोध नाही. एकच विचारायचं आहे. परत कधी जाणार?"

तरुण हसला. "साहेब, अजून आलो पण नाही."

"म्हणून तर आत्ता विचारतोय."

 तरुणानं तयार उत्तरासाठी पिशवीतून कागद काढला नाही, फोनही काढला नाही. त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, "विचारतो मालकांना." तेवढं ऐकून खिडकीतला धाकटा पहिल्यांदा बाहेर डोकावला.

मी म्हातारी झालेय. गंज पायऱ्यांच्या पोटात शिरलाय, एखाद्या दिवशी एखादं जड खोकं माझा कणा मोडेल. तक्रार नाही. मालकांनो, माझं मागणं एवढंच: कुठल्याही गावाच्या दाराला मला लावाल, तेव्हा मी किती लवकर ओढून घेता येते याचा हिशेब आधी करू नका. माझ्यावर माणसं असतात.

बस भरली. दोरी ओढली गेली, घंटी वाजली. आता मला मागे सरकवतील. सावकाश सरकवा, एवढंच.